उलटीच्या गोळीचा प्रत्यय

माघ संपत आला की सांगलीच्या हवेला हळद लागते. आमचं घर हळदीच्या मार्केट यार्डापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे लग्नघरासारखी आमचीही हळदीतून सुटका नसते. खिडकीच्या गजावरून बोट फिरवावं तर बोट पिवळं, दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळी काढावेत तर तेही पिवळसर. पाहुणेरावळे आले की शिंकून बेजार होतात. आम्हाला मात्र तो वास नाकात शिरल्याशिवाय परीक्षा जवळ आल्यासारखं वाटत नाही. मी शाळेत मराठी शिकवते. वीस वर्षं झाली. त्यामुळे या दिवसांत मला दोनच रंग दिसतात, बाहेर पिवळा आणि हातातल्या पेनाचा लाल.

यंदाही दोन्ही वेळेवर आले. काल दुपारी नववीचे पेपर तपासत बसले होते. अधोरेखित शब्दाची विभक्ती ओळखा, असा नेहमीचाच प्रश्न. एका मुलीने ‘चुलीची राख’पुढे षष्ठी लिहिलं होतं. चा, ची, चे. बरोबर. मी खूण केली, आणि इतक्यात यार्डाकडून वाऱ्याचा एक झोत असा आला की मी पेन खाली ठेवलं. तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, याच वासात, ह्याच षष्ठीने मला असं तोंडघशी पाडलं होतं की अजून पेपरात ती दिसली की कान गरम होतात.

तेव्हा आत्या आमच्याकडे राहायला होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. उंब्रजची बाई. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा फौजेत, आणि ह्यांनी एकटीने उसाला पाणी द्यायची पाळी धरली, पाण्यासाठी भावकीशी भांडणं केली, कारखान्याच्या ऊसतोड टोळीला दमात घेतलं. अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. मग डॉक्टरांनी सांगितलं, आता सलाइनमधून औषधं द्यायची, दर तीन आठवड्यांनी एकदा, आठ वेळा. माझे यजमान तेव्हा राजस्थानात सुभेदार. रजा ऑपरेशनलाच संपली होती. तेव्हा आत्यांची रवानगी सांगलीला, माझ्या ताब्यात. येताना त्यांनी दोन लुगडी आणली आणि गुळाची एक ढेप. म्हणाल्या, “आजारी मान्सानं रिकाम्या हातानं येऊ ने.”

पहिल्या दिवसाचं मला सगळं लख्ख आठवतं. मोठी खोली, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाइनचा खांब. नळीतून लालभडक औषध यायला लागलं तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. आत्या मात्र टक लावून बघत होत्या. “शैले, कोकमाचं सरबत दिसतंया गं. असलं भारी औषध कवा बघितलं न्हवतं.” तिथली महादेवी सिस्टर जतकडची, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावची. कुठल्याही म्हातारीला ती अज्जीच म्हणते. सुरुवातीलाच तिने आत्यांना एक कॅप्सूल समोर उभं राहून गिळायला लावली होती, सुईही दिली होती. निघताना तिने माझ्या हातात एक छोटी पिशवी दिली. “मॅडम, ह्या उलटीच्या गोळ्या. अज्जींना बरं वाटलं तरी द्यायच्या. वाट बघत बसायचं नाही.”

मला सूचना द्यायची गरज नसते. मी घरी येऊन तक्ता आखला. सकाळी एक, संध्याकाळी एक, चार दिवस. त्याशिवाय पुढच्या दोन सकाळी एकेक कॅप्सूल. एकूण दहा चौकोन. फ्रिजवर चिकटवला. पाकिटाला कात्री लावून एकेक गोळी सुटी केली, वेष्टनासकट. वेळ झाली की आत्यांच्या तळहातावर ठेवायची, “आत्या, ही उलटीची गोळी,” असं सांगायचं आणि चौकोनात खूण करायची. त्या म्हणायच्या, “घेते गं. जा तू तुज्या साळंला.” आणि मी जायची. दहावीची परीक्षा तोंडावर होती, पर्यवेक्षणाच्या याद्या माझ्याकडे होत्या, मला घड्याळापलीकडे काही दिसत नव्हतं.

पहिला दिवस छान गेला. आत्यांनी वरणभात खाल्ला, मुलाला फोनवर सांगितलं, “काय न्हाई रं, उगंच बाऊ करत्यात.” दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं. बादली, पुन्हा बादली, पोटात काही उरलं नाही तरी कोरडी ओकारी, बरगड्या धरून. मी फोडणी बंद केली. कुकरची शिट्टी झाली तरी त्यांना मळमळायचं. शेजारणीने आलेपाक आणला, दुसरीने आमसुलाचं पाणी सांगितलं, तिसरीने लिंबाची साल हुंगायला दिली. सगळ्यांची माया खरी, पण उपयोग शून्य. आणि त्यात हळद! जन्मभर हळदीच्या वासात वाढलेली बाई नाकाला पदर लावून म्हणायची, “ती खिडकी लाव गं, माझी आई.” त्या उकाड्यात मी सगळ्या खिडक्या लावल्या, फटींत ओली फडकी कोंबली. वास तरी आलाच.

एक गोष्ट मला खटकायची. प्रत्येक उलटीनंतर, इतक्या गळाठलेल्या असूनही, आत्या वाकून बादलीत बघायच्या आणि विचारायच्या, “लाल न्हाई न्हवं आलं?” मला वाटायचं, रक्ताची धास्ती घेतली आहे. मी म्हणायची, “नाही हो आत्या, रक्त नाही.” तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच. लाल न्हाई न्हवं आलं? न्हाई ना? आणि मग डोळे मिटून पडायच्या.

मी दवाखान्यात फोन केला. महादेवी सिस्टरने पहिलाच प्रश्न विचारला, “गोळ्या वेळेवर चालू आहेत ना?” मी फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघत ठणकावून सांगितलं, “एकही चुकलेली नाही. मी स्वतः देते.” ती बिचारी बुचकळ्यात पडली. अज्जींना घेऊन या म्हणाली, पण आत्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडायला तयार नाहीत. शेवटी गल्लीतले डॉक्टर घरी आले, सुई दिली, सलाइन लावलं. थोडं थांबलं, पुन्हा झालं. पाचव्या दिवशी ओसरलं तेव्हा त्या अंथरुणात इतक्या लहान दिसत होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना. उठून बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “बास झालं. आता पुढचं सलाइन घेनार न्हाई. मला उंब्रजला सोड. मरायचं तर आपल्या दारात मरीन.”

मी घाबरले. कारण हे मी आधी एकदा बघितलं होतं. माझे लोणंदचे चुलते. मी कॉलेजात होते. त्यांचीही औषधं अशीच सुरू झाली, आणि अशाच उलट्या. तिसऱ्या वेळेनंतर त्यांनी हात जोडले, म्हणाले, रोगानं मरीन पण ह्या ओकाऱ्या नकोत. घरच्यांनी आग्रह सोडला. पुढच्या दिवाळीला ते नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, औषध लागू पडत होतं हो. हे वाक्य आमच्या घरात कुणी पुन्हा उच्चारत नाही. तर आत्यांनी नको म्हटल्यावर मला चुलत्यांचे जोडलेले हात दिसले, आणि मी, जी वर्गात चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करते, ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

यजमानांनी फोनवर फौजी खाक्या दाखवून बघितला. “आई, ऑर्डर हाय डॉक्टरची.” आत्या म्हणाल्या, “तुझी ऑर्डर तिकडं तुज्या जवानांस्नी दे.” विषय संपला. शेवटी मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, “ठीक आहे, नको तर नको. पण मी नाही सांगणार डॉक्टरांना. तुम्ही स्वतः येऊन सांगा. असं न सांगता जाणं तुम्हाला शोभत नाही.” हे बरोबर लागलं. बाई रीतीभातीची. तारखेच्या दिवशी स्वच्छ लुगडं नेसून, केस विंचरायला गेल्या तर फणीत पुंजका आला तो गुपचूप खिडकीबाहेर टाकून, माझ्याबरोबर रिक्षात बसल्या. नाही म्हणून सांगायला.

महादेवी सिस्टर समोर येऊन बसली. “अज्जी, काय झालं सांगा बघू.” आत्यांनी कनवटीला हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. गाठ सोडली. त्यात गोळ्या होत्या. वेष्टनासकट, एकेक कापलेल्या. आठ गोळ्या, दोन कॅप्सूल. दहाच्या दहा.

“ह्या परत घ्या,” आत्या म्हणाल्या. “वाया जायला नगंत. मी घेतल्या न्हाईत.”

माझा तक्ता! माझ्या दहा खुणा! मी काही बोलायच्या आत सिस्टरने माझा हात दाबला आणि शांतपणे विचारलं, “का घेतल्या न्हाईत अज्जी?”

“का म्हंजी? आता तूच सांग. जुलाबाची गोळी घेतली तर काय हुतं?”

“जुलाब होतात.”

“झोपंची घेतली तर?”

“झोप येते.”

“मग उलटीची घेतली तर काय हुनार? नाचाय येनार व्हय?”

शेजारच्या खुर्चीवरचे एक काका, हाताला सुई लावलेले, खो खो हसायला लागले. सिस्टर हसली. हसली नाही ती मी. सतरा वर्षं मराठी शिकवलेली मी मात्र तिथे तोंड उघडं टाकून बसले होते. आत्यांचं अजून संपलं नव्हतं. आता त्या सिस्टरच्या गुडघ्यावर हात ठेवून अगदी समजुतीच्या सुरात सांगायला लागल्या. “आमच्या भावकीतल्या एकानं चुकून फवारनीचं औषध पेलं, तवा त्याला बी असंच मिठाचं पानी पाजून ओकाय लावलं हुतं. त्यो जगला. पर माझ्या अंगात तुमी इख न्हाई घातलं, औषध घातलंया. दोन तास टोचून, येवढं लाल लाल. आन् घरी गेल्यावर ही पोरगी रोज ते ओकून काढायची गोळी देतीया. मी म्हनलं, हिला कळत न्हाई, साळंच्या गडबडीत हाय. बोलाय गेलं तर रागवंल. म्हनून गाठीला मारल्या. गोळी घेतली न्हाई तरी एवढं पडलं, घेतली असती तर काय उरलं असतं?”

लाल न्हाई न्हवं आलं? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती बाई चार दिवस बादलीत वाकून रक्त शोधत नव्हती. आपलं औषध वाहून तर गेलं नाही ना, हे बघत होती. मला वाटत होतं, ही हट्टी म्हातारी उपचाराशी भांडते आहे. आणि ती एकटी, कुणाला न सांगता, माझ्यापासून स्वतःचा उपचार वाचवत होती. मी त्यांचे पाय धरले. खरंच धरले, सगळ्यांच्या देखत. त्या म्हणाल्या, “उठ गं येडे, लोकं बघत्यात.”

षष्ठी विभक्ती संबंध दाखवते, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण तो संबंध मैत्रीचा की वैराचा, हे षष्ठी सांगत नाही, ते आपण गृहीत धरतो. तापाची गोळी ताप घालवते आणि झोपेची गोळी झोप आणते. व्याकरण दोघींचं एकच. आत्या शाळेचं तोंड न बघितलेल्या, पण त्यांनी दोन उदाहरणं समोर ठेवून नियम काढला होता, आणि नियम चोख होता. चुकीचं उदाहरण मीच हातावर ठेवलं होतं, दहा वेळा, खूण करून. तेव्हापासून आमच्या शाळेत कुणी घाटातल्या प्रवासाआधी “मॅडम, उलटीची गोळी आहे का?” म्हणून आलं की मी म्हणते, “उलटी न होण्याची आहे. चालेल?” लोकांना वाटतं बाई चिकित्सक झाल्यात. वाटू दे.

त्या दिवशी महादेवी सिस्टरने आत्यांना जे समजावलं, तसं मला कुठल्या डॉक्टरने आजवर समजावलेलं नाही. म्हणाली, “अज्जी, औषध रक्तात गेलं. ते उलटीतून बाहेर येत नाही, निवांत राहा. पण पोटाला वाटतं, काहीतरी भलतंच आत आलंय. म्हणून पोट डोक्याला निरोप धाडतं, बाहेर काढ, बाहेर काढ. ही गोळी त्या निरोप्याला वाटेतच अडवते. निरोप पोचलाच नाही तर डोकं हुकूम कसा देणार? पण निरोप निघायच्या आधी गोळी जागेवर पाहिजे. उलट्या सुरू झाल्यावर घेऊन तिला फार जोर करता येत नाही.” आत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजी पानी सुटायच्या आदी बांध घालायचा.” सिस्टर म्हणाली, “तेच.” “मग आदी बोलायचं न्हाई का तसं,” आत्या म्हणाल्या. उसाला पाणी देण्यात ज्याची हयात गेली, त्याला हे एका वाक्यात कळतं.

गोळी एवढीशी. तुरीच्या दाण्याएवढी असेल नसेल. मी नंतर तिच्याकडे पुष्कळदा निरखून बघितलं आहे. रोग बरा करणाऱ्या औषधाचं कौतुक सगळे करतात. त्याचं नाव घेतात, त्याच्यासाठी नवस बोलतात. ही गोळी रोगाला हातही लावत नाही. ती फक्त माणसाला दुसरं औषध सोसता येईल इतपत उभं ठेवते. लग्नात जेवण कसं झालं ते सगळे सांगतात, पण पंगतीत पाणी कमी पडू न देणारा कुणाला आठवतो? तो नसता तर घास घशात अडकला असता. कुठेतरी कुणीतरी बसून, वर्षानुवर्षं खपून, हा एवढासा प्रश्न धरून ठेवला असेल, की माणसाला मळमळतं ते का आणि ते थांबवायचं कसं. त्या लोकांची नावं मला माहीत नाहीत. लोणंदच्या चुलत्यांना उलट्या थांबवणाऱ्या अशा गोळ्या मिळाल्या असत्या तर, हा विचार येतो तेव्हा त्या अनोळखी लोकांना मी मनोमन दंडवत घालते. उगाच आडपडदा कशाला ठेवू, मला त्यांचं फार कौतुक आहे.

या गोळीचेही नखरे आहेत, नाही असं नाही. पोट साफ होत नाही, डोकं जड होतं. त्या दिवशी डॉक्टरांनी झोपताना घ्यायची आणखी एक छोटी गोळी वाढवून दिली. आत्यांनी लगेच उलटतपासणी घेतली. “ही कशाची? झोपंची?” डॉक्टर म्हणाले, “नाही आजी, हीसुद्धा उलटी थांबवायचीच, पण हिने झोप येते.” आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “बघ शैले. आता हिचं काय नाव ठेवायचं?”

पण एवढं होऊनही त्यांनी पूर्ण होकार दिला नव्हता. म्हणाल्या, “आज घेते. चूक माझी बी हाय. पर पुन्यांदा तसंच झालं तर मला कुनी अडवायचं न्हाई. शब्द दे.” मी शब्द दिला. दुसरा काय मार्ग होता? कॅप्सूल घेतली, सुई घेतली, लाल औषध अंगात गेलं. घरी आल्यावर मी नवा तक्ता आखला नाही. आत्या स्वतःच गोळी मागून घ्यायच्या, माझ्यासमोर गिळायच्या आणि आ करून दाखवायच्या, वर म्हणायच्या, “बघितलंस का मास्तरीनबाई?” पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बादली कोपऱ्यात आणून ठेवली, तर नुसती मळमळ, ढेकर, अर्धी वाटी पेज आणि झोप.

तिसऱ्या दिवशी मला पर्यवेक्षणाला जावंच लागलं. तीन तास मी त्या वर्गात येरझाऱ्या घातल्या आणि एकाही मुलाचा चेहरा मला आठवत नाही. मागच्या वेळी तिसरा दिवसच सगळ्यात वाईट होता. पेपर संपल्याबरोबर गठ्ठा बांधून दिला आणि गाडीला किक मारली. दार ढकललं तर आत उजेड. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. फटींतली फडकी काढून, धुऊन, दोरीवर टाकलेली. आत्या मांडीवर ताट घेऊन पलंगावर बसल्या होत्या. ताटात सकाळची भाकरी, ताक आणि चिमूटभर चटणी. घास लहान लहान, पण तोंडात जात होते.

मी दारातच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, घास सावकाश चावून गिळला, ताकाचा घोट घेतला.

“अशी भुतावानी काय हुबी राहिलीस? ते भिंतीवरचं कॅलेंडर काढून आन हिकडं,” आत्या म्हणाल्या. “पुढची तारीख कवाची हाय? त्या दिशी रजा टाक आन् आठलाच निघू. उशीर केला की खिडकीपाशची खुर्ची दुसरी कुनीतर धरती.”